घागरीतली ऐश्वर्या

सोनाजीच्या कापसाच्या गोदामासमोर सकाळी नऊपासूनच रांग लागायची. बायका पुढे, पुरुष मागे, आणि चिंचेखाली साखऱ्याच्या, सेनगावच्या, पार वाशीमकडच्या जीपगाड्या. गोदामाचं दार मात्र बाराच्या ठोक्याला उघडायचं. आत गेलेलं माणूस पाच मिनिटांनी डोळे पुसत बाहेर यायचं आणि बाहेरचा जो तो त्याला एकच विचारायचा, "बोलली का?"

"बोलली. आई म्हणली. अंधार हाय म्हणली."

मग भर दुपारच्या उन्हात ती सगळी रांग गप्प व्हायची. कडेवरची लेकरंसुद्धा रडायची थांबायची.

बोलणारी पोरगी तीन महिन्यांपूर्वी मेली होती. आमच्या शाळेत आठवीत होती. ऐश्वर्या नाव. दिवाळीच्या आधी सोयाबीनच्या काढणीत अचानक आभाळ भरून आलं, तेव्हा आईनं तिला गंजीवर मेणकापड टाकायला पिटाळलं, आणि ती पळसाच्या झाडापर्यंत पोचली असेल-नसेल तोच वीज पडली. आई बांधावरून बघत होती. त्या आईचं नाव रुक्माबाई.

गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या गावानं मला माफ केलं आहे आणि तेवढं मला पुरे आहे. माझं नाव विश्वंभर. दोन हजार एक ते आठ या काळात मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. मी मूळचा हिंगोलीतला, पुजाऱ्याच्या घरचा. देवळात वाढलेल्या माणसाला पडदा, धूप, घागर यांचं फारसं नवल नसतं. तीर्थ कुठल्या नळाचं आहे हे मी लहानपणापासून जाणून होतो. एवढं असूनही मी त्या गोदामात फसलो, म्हणून ही गोष्ट सांगतोय.

गोदामात जो गृहस्थ उतरला होता तो भगवा नेसत नव्हता, हेच त्याचं मोठं कसब. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, डोळ्यांवर चष्मा. नाव नादेश्वर महाराज, पण स्वतः म्हणायचा, "मला महाराज म्हणू नका. मी ध्वनिशास्त्रज्ञ आहे." गोदामाच्या मधोमध काळ्या दगडावर तांब्याची घागर, तिच्या तोंडाला पांढरं फडकं, आणि मागे भिंतीपासून दोन हात अंतरावर निळा पडदा. समोर सारवलेल्या जमिनीवर माणसं बसवायची आणि बोलायला लागायचं.

"माझ्या बंधूंनो, भगिनींनो, ऊर्जा कधी नष्ट होते का? तुमच्या शाळेतल्या सरांना विचारा! ऊर्जा अविनाशी आहे. आवाज म्हणजे काय? ऊर्जा! मग ह्या लेकराचा आवाज नष्ट कसा होईल? तो विश्वात फिरतोय. आणि तांबं हे काय आहे? तांबं हा अँटेना आहे! ऋषिमुनी तांब्याचं भांडं उशाशी का ठेवत होते? फ्रिक्वेन्सी! शंखात काय ऐकू येतं? फ्रिक्वेन्सी!"

दोन आठवड्यांत तो शब्द गावात असा रुळला, की सोनाजीची म्हैस दूध देईना तर सोनाजी म्हणाला, तिची फ्रिक्वेन्सी बिघडली. हसू नका. तो शब्द त्यांनी कुठून आणला असता? ऊर्जा अविनाशी असते हे वाक्य मीच फळ्यावर लिहून पाचवेळा म्हणवून घेतलं होतं. ते पाठ झालं, तपासायचं कसं ते कुणाला आलं नाही. आणि ऐश्वर्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या शोकसभेत मी म्हणालो होतो, "आपल्या ऐश्वर्याचा आवाज या शाळेत कायम राहील." मास्तर लोक बोलतात तसं बोललो. गावानं ते अक्षरशः घेतलं.

मी गोदामात गेलो तो जानेवारीतला एक मंगळवार होता, साल दोन हजार सहा. जायचं कारण साक्षी. साक्षी ही ऐश्वर्याची धाकटी बहीण, माझ्या सातवीच्या वर्गात. आठवडाभर शाळेत आली नव्हती.

ती मला घागरीशेजारी दिसली. पांढऱ्या साडीचा तुकडा तिच्या अंगाला गुंडाळला होता. ओठ सुकले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि माझ्याकडे बघून तिनं ओळख दिली नाही. बाजूला रुक्माबाई हात जोडून बसल्या होत्या.

"साक्षी, शाळेत का येत नाहीस?" मी विचारलं.

उत्तर महाराजांनी दिलं. "तिचं अनुष्ठान चालू आहे, सर. एकवीस दिवस फक्त घागरीचं पाणी आणि मूठभर लाह्या. शरीर हलकं झालं पाहिजे. एकविसाव्या दिवशी मोठी बहीण धाकटीच्या देहात स्थिर होईल. आज आठवा दिवस."

"आणि हे कुणी ठरवलं?"

"ऐश्वर्यानंच मागितलं आहे. बसा. ऐका. तुम्ही तर तिचे गुरू."

मी बसलो, फडक्याला कान लावला. खरं सांगतो, मी मनात त्या माणसाला शिव्या देत होतो, आणि कुठे दोरी असेल, कुठे पडद्याआड पोरगी बसवली असेल, याचा हिशेब करत होतो. घागरीतून आधी वारा वाहिल्यासारखा घोगरा आवाज आला. मग ती बोलली.

"मी ऐश्वर्या... आत अंधार आहे... आई... मला थंडी वाजते... साक्षीला..."

नक्कल असती तर मी ओळखली असती. ही नक्कल नव्हती. ऐश्वर्याला शब्दाच्या सुरुवातीला किंचित श्वास ओढायची सवय होती, पुढचे दोन दात फाकलेले असल्यामुळे थंडीतला थ जरा सांडायचा. ते सगळं त्यात होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मी, बी. एस्सी. बी. एड. विश्वंभर, त्या तांब्याच्या भांड्याला म्हणालो, "बोल बाळा. सर आलेत."

माझ्या मागे कुणी तरी हुंदका दिला. महाराज मंद हसत होते.

बाहेर रस्त्यापलीकडे अमृतराव उभे होते. ऐश्वर्याचा बाप. रोज तिथे येऊन उभे राहायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत.

"ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

"मीबी एकदा ऐकलं. पुन्यांदा गेलो न्हाई. गेलो असतो तर मीबी तितंच बसलो असतो." मग म्हणाले, "आमच्या बापानं धम्म घेतला तवा देव्हाऱ्यातले टाक काढून वड्यात सोडले, सर. त्या दिवसापासून घरात अंगारा न्हाई, धुपारा न्हाई. ह्यो बाबा देव घिऊन आला असता तर रुक्मानंच त्याला केरसुणीनं हाकलला असता. पर ह्यो सायन्स घिऊन आला. काय बोलावं?"

"तुम्ही साक्षीला उचलून घरी का नेत नाही?"

"नेली व्हती. तर रुक्मा विहिरीवर जाऊन पाय सोडून बसली. म्हणली, एकीला मी इजंखाली धाडली, आता ती परत यिऊन राहिली तर तुमी आडवे यिऊन राहिले. काय करू मी? सांगा."

मी घरी आलो. रात्रभर तो आवाज कानातून जाईना. सकाळी हजेरी घेताना आठवीच्या पटावर लाल शाईनं खोडलेलं नाव आलं, तिथे मी अडखळलो. रिकाम्या वर्गात डस्टर पडलं तरी दचकलो. घरून निघताना बायको म्हणाली होती, हिंगोलीला जाऊन या चार दिवस. मी म्हणालो, साक्षीकडे तेवढे दिवस राहिलेत का?

आता आमच्या शाळेतली एक पद्धत सांगायला हवी. कुठल्या तरी योजनेत शाळेला एक टेपरेकॉर्डर आला होता, आणि दोन हजार चारमध्ये एक संगणक. टेपरेकॉर्डरवर बालगीतं वाजवावीत अशी वरची अपेक्षा. मी त्याचा वेगळा उपयोग करायचो. दर शनिवारी सकाळच्या शाळेत प्रत्येक मुलानं त्यात एक प्रश्न बोलायचा. नाव सांगायचं, काय पाहिलं ते सांगायचं आणि मग प्रश्न. उत्तर मी द्यायचं नाही, सोमवारपासून मुलांनी शोधायचं. लिहायला घाबरणारी पोरंही बोलायला घाबरत नाहीत. पुस्तक बंद करून शिकवायचं ते एवढंच मला जमलं होतं. बाकीचे दिवस मीही इतरांसारखाच फळ्यावरचं पाच-पाचदा म्हणवून घेत होतो.

बुधवारी आठवीच्या वर्गात केतकीनं हात वर केला. केतकी ग्रामसेवकांची मुलगी, ऐश्वर्याच्या बाकावर बसणारी.

"सर, तुमी काल घागर ऐकली म्हणे."

"ऐकली."

"मग काय पाहिलं?"

"काय पाहिलं म्हणजे?"

"तुमीच सांगता ना, आधी काय पाहिलं ते सांगा, मग प्रश्न. तुमी घागर उचलून पाहिली का? पडद्यामागं पाहिलं? तिला काही इचारलं?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "नाही."

"मी तीनदा गेले," केतकी म्हणाली. "तिन्ही वेळेला सेमच बोलली. आन थंडी वाजते म्हणल्यावर मागं बारीक टण्ण आवाज येतो. सर, तो आपल्या घंटीचा हाय."

आमच्या शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. तसा आवाज दुसऱ्या कशाचा नाही. विश्वात फिरणाऱ्या आत्म्याच्या मागे आमच्या शाळेची मधली सुट्टी होते आहे, हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. मी कपाट उघडून गेल्या वर्षीच्या कॅसेटी काढल्या.

तिसऱ्या कॅसेटवर ती सापडली.

"मी ऐश्वर्या अमृतराव, इयत्ता सातवी. विहिरीत वाकून बोललं की आवाज परत येतो. आत अंधार आहे, तिथं कोण बोलतं?" पुढच्या शनिवारी, "आई चुलीवर भाकरी टाकते, ती फुगते. भाकरीच्या आत काय भरतं?" त्याच्या पुढे, "मला थंडी वाजते तेव्हा अंगावर काटा का येतो?" आणि त्यातल्या "वाजते"च्या मागोमाग टण्ण! मधल्या सुट्टीची घंटा. आणि शेवटी, "साक्षीला माझा चष्मा लावला तर तिला धूसर का दिसतं?"

वर्गातल्या तीन-चार मुली रडायला लागल्या. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. कुणी तरी त्या पोरीचे प्रश्न कात्रीनं कापून त्यांची हाक केली होती.

आणि कॅसेट बाहेर गेली कशी, हेही मला लगेच आठवलं. मागच्या वर्षी सेनगावच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही या कॅसेटी मांडल्या होत्या. एका सद्गृहस्थानं फार कौतुक केलं, "सर, असा शिक्षक मराठवाड्यात नाही" म्हणाला, आणि प्रत मागितली. मी फुगलो आणि घरच्या डेकवर स्वतःच्या हातानं प्रत काढून दिली. कौतुकाला भुलणारा माणूस आणि घागरीला भुलणारा माणूस यांत फरक असलाच तर तो मला सापडलेला नाही.

त्याच दुपारी मी टेपरेकॉर्डर घेऊन रुक्माबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. कपाळ टेपला टेकवलं. मग म्हणाल्या, "व्हय सर. महाराज म्हणलेच व्हते. मशीनमदी बी तिचा आवाज आडकलाय म्हणून. म्हणून तर ती पुरी सुटंना."

महाराजांनी ही वाट आधीच बंद करून ठेवली होती. मी हात हलवत परत आलो.

"नुसतं सांगून न्हाई होणार, सर," केतकी म्हणाली. "करून दाखवावं लागंल."

मग तीन दिवस माझ्या वर्गानं जे काम केलं ते मी कुठल्याही पुस्तकातून शिकवू शकलो नसतो. संगणकात बोललं की आवाजाची हिरवी रेघ पडद्यावर उमटते. मुलांनी दुकानातून बटरपेपर आणला, पडद्याच्या काचेवर धरला आणि पेन्सिलीनं रेघा गिरवायला घेतल्या. एकाच मुलीनं "मला थंडी वाजते" हे दहा वेळा म्हणायचं. दहा रेघा निघाल्या. एकावर एक ठेवल्या तर एकही दुसरीशी बसेना. कुठे थंडी लांबली, कुठे वाजते आखडलं. कितीही जपून बोला, जिवंत माणसाचं तेच वाक्य दुसऱ्यांदा तसंच निघत नाही, हे तेरा वर्षांच्या पोरांनी शोधलं. त्यात वीज दिवसाला चार तास.

उरलं घागरीचं ध्वनिमुद्रण. मी सरळ भर गर्दीत उभा राहून महाराजांना म्हणालो, "आपण शास्त्रज्ञ. आमच्या मुलांना आपल्या प्रयोगाची नोंद घ्यायची आहे." गर्दीनं माना डोलावल्या. शास्त्रज्ञाला नाही म्हणता येईना. तीन दुपारी केतकी आणि तिच्या मैत्रिणी फडक्याजवळ टेप धरून बसल्या. तिन्ही दिवसांच्या रेघा आम्ही गिरवल्या.

रविवारी, साक्षीच्या तेराव्या दिवशी, आम्ही संगणक गादीत गुंडाळून बैलगाडीत घातला आणि गोदामात नेला. साक्षीला आता भिंतीला टेकून बसवावं लागत होतं. तिच्याकडे बघून मला वाटलं, आज नाही झालं तर पोलीस आणायचे, रुक्माबाई विहिरीत पडल्या तरी आणायचे. पण ते आधी करायला हवं होतं, हेही तेव्हाच कळलं.

केतकीनं "मला थंडी वाजते"चे तीन बटरपेपर एकावर एक धरून दाराच्या उजेडात उंच केले. तीन दुपारच्या तीन रेघा, एकच दिसत होती. मग चौथा कागद, शाळेच्या कॅसेटचा. त्याची उंची जास्त, कारण घागरीतून आवाज दबून येतो. पण चढ तिथेच, उतार तिथेच, मधली अंतरं तीच.

"मग काय झालं?" सोनाजी उठला. गोदाम त्याचं, घागरीसाठी मंदिर बांधायला जागाही तोच देणार होता. "आवाज तिचाच हाय म्हणून तर जुळला! तुमीच सिद्ध केलं की पोरींनो!"

टाळ्या पडल्या. महाराजांनी डोळे मिटून मान हलवली. खरं तर सोनाजीचा प्रश्न रास्त होता, आणि केतकीला तो आवडला हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काका, तुमी स्वतःचं नाव सांगा. इथं बोला."

"सोनाजी."

"पुन्हा. बराबर तसंच."

"सोनाजी."

"आणखी एकदा."

"सोनाजी! आता काय कागद करून देतीस का?"

तीन हिरव्या रेघा गिरवल्या गेल्या. सोनाजीनं त्या स्वतःच्या हातानं एकमेकींवर ठेवल्या, फिरवल्या, उलट्या करून पाहिल्या. "जुळून न्हाई राहिल्या," तो हळूच म्हणाला. मग मागून एक म्हातारा आला, मग त्याची सून, मग दोन शाळेतलीच पोरं. कुणाच्याच जुळल्या नाहीत. लोक आता घागरीकडे पाठ करून संगणकाभोवती जमले होते.

"बोलणारं माणूस दरवेळी थोडं येगळं बोलतं," केतकी म्हणाली. "फकस्त कॅसेट सेम बोलती."

"आत्म्याला काळ नसतो!" महाराज ओरडले. "आत्मा स्थिर असतो, त्याची फ्रिक्वेन्सी स्थिर—"

"मग तिला एक इचारते," केतकी म्हणाली आणि फडक्याजवळ वाकली. बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला हाक मारायची होती, नुसता प्रयोग नव्हता तो. "ऐशू, मी केतकी. माझी कोणती वस्तू तुझ्याकडं राहिली हाय?"

घागर म्हणाली, "मी ऐश्वर्या... आत अंधार आहे... आई..."

"ऐशू, सांग ना."

"मला थंडी वाजते... साक्षीला..."

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. अमृतराव पहिल्यांदाच आत आले होते. ते कुणाकडे न बघता जमिनीकडे बघत होते. साऱ्या गोदामाची जमीन जुन्या शेणाची, भेगाळलेली. फक्त घागरीच्या दगडापासून पडद्यापर्यंत वीतभर रुंदीचा एक पट्टा ताजा सारवलेला. तेवढ्या माणसांचा त्या पट्ट्याला पाय लागू नये म्हणून महाराजांनी त्यावर फुलं पसरली होती. बाकीचे नमस्कार करत होते, तो बाप फुलं बाजूला सारत होता.

त्यांनी कनवटीचं खुरपं काढलं आणि पट्ट्यात घातलं. बोटभर खाली काळी नळी लागली. ठिबक सिंचनाची साधी नळी, तिथे निम्म्या शेतांत अंथरलेली असते. त्यांनी ती उपटत नेली. एक टोक दगडातून घागरीच्या बुडाला पाडलेल्या भोकात. दुसरं टोक पडद्याखालून मागे. सोनाजीनंच पडदा ओढला.

मागे एक गृहस्थ मांडीवर छोटा टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. टेपच्या स्पीकरवर तेल ओतायचं नाळकं, म्हणजे नरसाळं, पालथं घालून चिकटवलं होतं आणि नाळक्याच्या तोंडात नळी. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाला, "नमस्कार सर." सेनगावचा कौतुक करणारा माणूस.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. लोकांनी दोघांना चोपायला सुरुवात केली, आम्ही मध्ये पडलो, संध्याकाळी पोलिसांची जीप आली. त्या गडबडीत मुलांनी मात्र नळीच्या टोकाशी तोंड लावून घागरीत बोलून पाहिलं. घागर सगळ्यांचीच नावं घेत होती. एक आजी दहा मिनिटं तिथे स्वतःच्याच नातवाचं "आज्जे, आज्जे" ऐकत हसत होती.

रुक्माबाई हलल्या नव्हत्या. मी त्यांच्याजवळ गेलो. मला वाटलं, आता त्या म्हणतील, तुम्ही माझी लेक दुसऱ्यांदा मारली. मी ते ऐकून घ्यायची तयारी केली होती.

"सर," त्या म्हणाल्या, "मला चवथ्याच दिशी ठावं झालं व्हतं."

"काय?"

"की ती ह्यात न्हाई. माझी पोर कायबी इचारायची आन मी सांगंपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायची. भाकरीत काय भरतं, तर म्हणलं, वाफ भरती माय, तवा कुठं गप्प बसली. ह्या घागरीनं एकदाबी माझ्या उत्तराची वाट पाहिली न्हाई. मी म्हणायची, माय, मी तुला धाडलं, माझं चुकलं. तर ती आपली पुढंच बोलून जायची."

"मग साक्षीला का..."

"आवाज तर तिचाच व्हता ना, सर." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तेवढा कानी पडावा म्हणून मी दुसरीला बी दिऊन टाकत व्हते."

मग त्या उठल्या, साक्षीला एखाद्या तान्ह्या लेकरासारखं उचललं आणि कुणाशीही न बोलता घराकडे चालू लागल्या. अमृतराव मागून खुरपं हातात धरून चालले होते. तासाभरानं मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा चूल पेटली होती. साक्षी आईच्या मांडीवर आडवी होती आणि रुक्माबाई तिला पेज भरवत होत्या. एक घोट, मग तोंड पुसायचं, मग पुन्हा एक घोट. मी बाहेरूनच परत फिरलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लोक विचारतात, अडाणी बाई फसली, त्यात काय नवल? तर ती फसली नव्हती. गावात सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं. पण लेक गमावलेल्या बाईच्या अंगात प्रश्न विचारण्याचं बळ उरलं नव्हतं, तेव्हा ते आम्ही विचारायचे होते. सोनाजीनं, सरपंचानं, त्या जीपगाड्यांतून आलेल्या शिकल्यासवरल्या लोकांनी, आणि सगळ्यांच्या आधी मी. एवढी माणसं त्या दगडापुढे बसली, पण घागर उचलायला एकाचाही हात पुढे गेला नाही. तेरा दिवस एक लेकरू तिच्याशेजारी उपाशी होतं.

तुमच्या गावात, तुमच्या घरात असलं काही बोलायला लागलं, तर ज्याचं माणूस गेलं आहे त्याला नका विचारू खरं की खोटं. त्याला जवळ घ्या. आणि तुम्ही स्वतः पुढे होऊन ती घागर उचला.